सोसायटी ग्रुप : मावशींच्या लेकीचं इंजिनिअरिंग

ए-१०१ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार 🙏 आपल्याकडे जिने झाडायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला सीईटीत छान पर्सेंटाइल मिळालेत. इंजिनिअरिंगला जायचं म्हणतेय. प्रत्येक फ्लॅटमागे ५०० रुपये काढले तर बरी रक्कम जमेल. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर सत्कार करून पाकीट देऊ. तिचा फोटो आणि मार्कलिस्ट थोड्या वेळात टाकतो.

ए-४०२: अरे वा! खूप खूप अभिनंदन 💐 माझे ५०० धरा.

सी-३०३: आमचे १०००.

डी-५०२: कॉम्प्युटरच घ्यायला सांगा, बाकी ब्रँचला काही अर्थ राहिला नाही.

बी-३०४: सेक्रेटरी साहेब, कल्पना मनापासून आवडली. एक विनंती, फोटो आणि मार्कलिस्ट ग्रुपवर नका टाकू. मार्कलिस्टवर तिचा सीट नंबर, आईचं नाव, सगळं असतं आणि या ग्रुपमध्ये आपण दीडशेच्या वर लोक आहोत. तिचं नावही इथे नको. आपल्या मुलांच्या मार्कलिस्ट आपण अशा फिरवत नाही.

सत्काराबद्दलही बोलायचंय. ती रोज याच आवारातून आईला डबा द्यायला येते. सगळ्यांसमोर हातात पाकीट दिलं, की उद्यापासून ती प्रत्येकाला ‘आपण मदत केलेली मुलगी’ दिसेल. पैसे जरूर द्यावेत, पण त्यांना खरंच कशाची गरज आहे हे मावशींना किंवा तिला आपल्यापैकी कुणी विचारलंय का?

ए-१०१ (सेक्रेटरी): विचारलं नाही अजून. फोटो टाकत नाही. विचारायला तुम्हीच जाल का?

बी-३०४: जाते आज संध्याकाळी.

ए-६०३ (काका): तोवर फीबद्दल सांगून ठेवतो, कारण निम्मे लोक फीच्या धसक्यानेच मुलींना डिग्रीपर्यंत जाऊ देत नाहीत. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळते. आधी ती ५० टक्के होती. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत गेली. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

अडतं ते कागदांपाशी. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर आणि जात पडताळणी. यातला एक कागद वेळेत आला नाही तर सवलत हुकते आणि पूर्ण फी डोक्यावर बसते. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर हे सारखं पाहिलंय. सवलतीला पात्र असलेल्या पोरी केवळ एका दाखल्यापायी कर्ज काढायला यायच्या.

तिचा प्रवर्ग कोणता हे इथे कुणी विचारू नये. मला कागद दाखवू दे, मी बघतो.

बी-५०१: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण सगळं उत्साहाने सुरू करतो आणि गणपती झाले की थंड पडतो. शिवाय हिलाच का? वॉचमनच्या दोन मुली आहेत, इस्त्रीवाल्यांची एक आहे. आणि लोकांच्या घरात आपण किती शिरायचं? सोसायटीच्या खात्यातून तर एक रुपयाही नको, तो मेंटेनन्सचा पैसा आहे.

ए-१०१ (सेक्रेटरी): खात्याला हात लावणार नाही. जे काही असेल ते ऐच्छिक आणि वेगळं.

डी-२०१: मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही, आज लिहिते.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्यात आले. राहण्या-जेवणाचा प्रश्न विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहात सुटला. १९५५ पासून ही संस्था ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी काम करतेय. म्हणजे डोक्यावर छप्पर होतं, फीची सोय झाली होती. तरी पहिल्या सेमिस्टरला कॉलेज सोडून परत जायचं मी ठरवलं होतं.

कारणं सांगितली तर क्षुल्लक वाटतील. बारावीपर्यंत सायन्स इंग्रजीतूनच होतं, पण वर्गात सर मराठीत समजावून सांगायचे. इथे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) समोर बसला की उत्तर येत असूनही तोंड उघडायचं नाही. सबमिशनची फाइल कशी लावतात, सरांना मेल कसा लिहितात, एटीकेटी म्हणजे काय, यातलं काहीही माहीत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे हे विचारायचं कुणाला तेही कळत नव्हतं. बाकीच्या मुलींच्या घरी कुणीतरी इंजिनिअर होतं. माझ्या घरी फोन केला की आई एवढंच विचारायची, जेवलीस का. एम-वनमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणितात, नापास झाले ते मी घरी सांगितलंच नाही.

वसतिगृहातल्या एका सीनियर ताईने मला धरलं. दर रविवारी संध्याकाळी ती माझ्याकडून जुने पेपर सोडवून घ्यायची. शिकवायची कमी, बसवायची जास्त. एका रविवारी मी तोंड चुकवून मेसमध्ये बसले तर ती वही घेऊन तिथे आली. पुढच्या परीक्षेला एम-वन सुटला. आज मी जी नोकरी करते तिचा पहिला रेझ्युमेसुद्धा तिनेच चार वेळा खोडून लिहायला लावला होता.

बी-५०१ दादा, तुमची शंका रास्त आहे. सगळ्यांनी मिळून उत्साह दाखवला की तो ओसरतोच. म्हणून माझं म्हणणं आहे की एकाच माणसाने एकाच मुलीचं चार वर्षं बघावं. हिच्यासाठी ते मी करते. रविवारची संध्याकाळ माझी.

ए-४०२: वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. एवढी वर्षं शेजारी राहतेस, यातलं काहीच माहीत नव्हतं.

सी-१०२ (आजी): मी व्हॉइस मेसेज पाठवला होता, नातवाने तो लिहून काढलाय. लांब आहे, पण वाचा.

आपण कर्वेनगरात राहतो. हे जुनं हिंगणे. अण्णा कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो इथे हलवला, तेव्हा इथे माळ होता. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि हिंगण्याहून शहरापर्यंत पायी ये-जा करायचे. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीची गोष्ट फार कुणी सांगत नाही.

अण्णांच्या दुसऱ्या पत्नी बाया, म्हणजे माहेरच्या गोदूबाई, देवरुखच्या. लहानपणीच विधवा झाल्या. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत अण्णांचे मित्र. त्यांनी बहिणीला मुंबईला आणलं. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये अण्णांशी पुनर्विवाह केला म्हणून लोकांनी वाळीत टाकलं, ते त्यांनी निभावलं. मग त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई. तीही विधवा, पदरात मुलगा, अक्षरओळख नाही. पंचविशी उलटल्यावर बहिणीच्या घरी राहून शिकायला लागली. तीच बाई पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली आणि १९१८ मध्ये एकटी अमेरिकेला गेली, इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसा उभा करायला. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करून राहिली.

मला यात काय दिसतं सांगू? रमाबाईंनी एका मुलीला हात दिला, तिने बहिणीला, बहिणीने पुढे कितीजणींना. प्रत्येक वेळी कुणीतरी एकीलाच घट्ट धरलेलं होतं. आणि पार्वतीबाईंकडे नुसतं पाकीट पाठवून भागलं नसतं, त्यांच्याजवळ पाटी घेऊन बसणारं माणूस लागलं. याच हिंगण्याच्या शाळेत मी नोकरी केली, माझ्या वर्गात अशा मुली होत्या. ज्यांचं कुणी विचारणारं असायचं त्या मार्क कमी पडले तरी टिकायच्या. हुशार पण एकट्या पडलेल्या मुलींची नावं मात्र दिवाळीनंतर हजेरीतून कमी झालेली मी पाहिली आहेत.

डी-२०१, तुझं कौतुक आहे बाळा.

डी-२०१: आजी 🙏

बी-५०१: आजी, हे मला ठाऊक नव्हतं. डी-२०१ ताई, तुम्ही जबाबदारी घेताय म्हटल्यावर माझा आक्षेप मागे. वॉचमनच्या थोरल्या मुलीची दहावी आहे. तिच्या विज्ञान-गणिताचं मी बघतो. माझी बायकोही सोबत बसेल, आमच्याच हॉलमध्ये, दार उघडं ठेवून. आईवडिलांना आधी विचारतो.

बी-३०४: हे फार बरं केलंत. दार उघडं, सोबत बाई, आईवडिलांना माहिती, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असावं. रात्री उशिरा मेसेज नाहीत, एकटीला घरी बोलावणं नाही. कुणावर संशय म्हणून म्हणत नाही. मुलीला आणि तिच्या घरच्यांना निश्चिंत वाटलं तरच ती मोकळेपणाने विचारेल.

*(दुसऱ्या दिवशी)*

बी-३०४: काल मावशींकडे जाऊन आले. इथे काय लिहू आणि काय नको, हे दोघींना विचारूनच लिहितेय. घरातल्या बाकीच्या गोष्टी त्यांच्या त्यांच्यापाशी.

तिला कॉम्प्युटर नकोय. इलेक्ट्रिकल हवंय. आपल्या लिफ्टचं पॅनेल उघडलं की तिथे उभी राहून एकटक बघणारी मुलगी तीच. मेकॅनिक दादांना विचारून विचारून तिने रिले आणि कॉन्टॅक्टर म्हणजे काय ते समजून घेतलंय. मला तासभर तेच सांगत होती आणि मी थक्क होऊन ऐकत होते. तेव्हा कृपा करून वाटेत गाठून तिला ब्रँचबद्दल सल्ले देऊ नका. ऑप्शन फॉर्म ती स्वतः भरणार आहे, शेजारी डी-२०१ बसेल.

घर एका खोलीचं आहे, धाकटे दोघे भाऊ, टीव्ही. बारावीचा अभ्यास तिने पहाटे चारला उठून केला. आईबरोबर सकाळी दोन सोसायट्यांचे जिने झाडून मग कॉलेजला जायची. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, वेळापत्रक म्हणून सांगितलं. तिने स्वतःहून एकच गोष्ट मागितली, संध्याकाळी बसायला जागा.

वडिलांचा शिक्षणाला विरोध नाही. प्रॅक्टिकल संपवून अंधार पडल्यावर पोरगी एकटी घरी कशी येणार, याची त्यांना काळजी वाटते. त्यांना समजवायला माणसं पाठवायची गरज नाही. उत्तर दिलं की पुरे.

सी-१०२ (आजी): कमिन्सचं कॉलेज इथे कर्वेनगरातच आहे, आपल्या हिंगण्याच्या संस्थेचंच, १९९१ पासूनचं, फक्त मुलींचं. तिला हवी ती ब्रँच तिथे आहे का आणि मार्क पोचतात का ते बघा. नाहीतर जवळचं दुसरं.

ए-६०३ (काका): मागच्या वर्षीचे कटऑफ काढून डी-२०१ कडे देतो. कॉलेज कुठलं मिळतंय ते कळलं की पीएमपीचा मार्ग आणि शेवटच्या बसची वेळ लिहून वडिलांना दाखवतो. आमच्या बिल्डिंगमधली डी.एड.ची मुलगी रोज साडेसहाच्या बसने येते, तिच्याशी गाठ घालून देऊ.

ए-१०१ (सेक्रेटरी): सोसायटी ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं. ते सहा ते नऊ उघडं ठेवू. टेबल-खुर्ची, ट्यूबलाइट, वायफाय आहेच. फक्त तिच्यासाठी असं नको, आवारातल्या कुणाही मुलीला अभ्यासाला बसता येईल. ज्या काकू-आजी घरी असतात त्यांनी आळीपाळीने तिथे बसावं.

सी-१०२ (आजी): सोमवार आणि गुरुवार माझा. माझं विणकाम तिथेच होईल.

सी-३०३: मंगळवारी मी. शुक्रवारीही जमेल.

ए-१०१ (सेक्रेटरी): सत्कार रद्द. जमलेले पैसे ए-६०३ काकांकडे, हिशोब मागेल त्याला दाखवतील. त्यातून काय घ्यायचं?

बी-३०४: लॅपटॉप. तिने नाही मागितला, पण दुसऱ्या महिन्यापासून लागतोच. सवलतीत न येणारे खर्चही असतात, प्रवास, पुस्तकं, जर्नल्स. दर महिन्याला थोडे थोडे आईच्या खात्यात जावेत, म्हणजे सकाळच्या जिन्यांच्या कामातून मुलगी सुटेल. तेवढे दोन तास झोपली तरी चालेल. मावशींना हे पटलंय.

डी-५०२: ब्रँचचं मी उगाच बोललो नव्हतो, पण तिची आवड इतकी पक्की असेल तर उत्तमच. माझा भाऊ महावितरणमध्ये आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला सबस्टेशन बघायचं असेल तर रीतसर परवानगी काढून नेता येईल का, विचारतो.

बी-३०४: नक्की विचारा. हे तिला सत्कारापेक्षा आवडेल.

ए-६०३ (काका): उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा-वीस दिवस सहज जातात. आजच अर्ज व्हायला हवा.

डी-२०१: मी सुट्टी टाकलीय. अकराला ती, मावशी आणि मी सेतू केंद्रात जातोय. रेशनकार्ड, आधार, फोटो घेतलेत. काका, घर भाड्याचं आहे, पत्त्याचा पुरावा म्हणून काय काय न्यायचं?

ए-६०३ (काका): भाडेकरार आणि लाइटबिल दोन्ही घ्या, झेरॉक्ससकट. मीच येतो, साडेदहाला गेटवर थांबा.

ए-४०२: माझ्या मुलाचा मिनी ड्राफ्टर आणि ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर पडून आहे. पहिल्या वर्षाला ग्राफिक्स असतंच ना? पुसून ठेवते.

डी-२०१: असतं. माझ्याकडे द्या काकू, रविवारी तिच्या हातात देते.