लाईट डिप झाली की डीसी ड्राईव्हचे फ्यूज ब्रेकिंगमधेच का उडतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधे एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या रिवाइंडिंग मशीनवर जुना थायरिस्टरवाला फोर क्वाड्रंट डीसी ड्राईव्ह आहे, म्हणजे सहा-सहा एससीआरचे (थायरिस्टरचंच दुसरं नाव) दोन ब्रिज उलटसुलट जोडलेले, एक ब्रिज मोटर ओढतो आणि दुसरा ब्रेक मारताना मोटरची पॉवर परत लाईनमधे ढकलतो. सप्लाय 415 थ्री फेज, मोटरचं आर्मेचर (फिरणारं वाइंडिंग) 440 व्होल्ट.

पावसाळा लागून वीज कडकडायला लागली की फ्यूज उडायला सुरवात. लाईट पूर्ण जात नाही, नुसती क्षणभर डिम होऊन परत येते. रनिंगमधे अशी डिप आली तर ड्राईव्ह ट्रिप होतो, रिसेट केला की चालू. पण मोठा रोल थांबवत असताना आली तर धाडकन आवाज आणि फ्यूज गेलेच, कधी सोबत एखादा एससीआरपण शॉर्ट. हे फास्ट फ्यूज महाग पडतात आणि मागवून यायला वेळ लागतो. मोटर मेगर केली (इन्सुलेशन तपासलं), ब्रश-कम्युटेटर बघितले, गेट पल्स स्कोपवर बघितले, सगळं ठीक.

आता थिअरीत मी कुठे अडलोय ते सांगतो. ब्रिजचं सरासरी आउटपुट म्हणजे 1.35 गुणिले लाईन व्होल्टेज गुणिले फायरिंग अँगलचा (गेट पल्स किती उशिरा देतो त्याचा) कोसाइन, म्हणजे 0 डिग्रीला 560, 60 ला 280, 90 ला शून्य आणि त्याच्यापुढे मायनस, तिथे कन्व्हर्टरचा इन्व्हर्टर होतो. पण एससीआर तर गेट काढला म्हणून बंद होत नाही, करंट जवळजवळ शून्यावर यावा लागतो, म्हणूनच घरच्या बॅटरी इन्व्हर्टरमधे मॉसफेट घालतात ना? मग ब्रेकिंगमधे मोटर पण बॅटरीसारखी डीसीच देत असते, तिथे एससीआर बंद कोण करतं? मला वाटतं फ्यूजचं कारण ह्यातच आहे. चवथीआधी मशीन सुरळीत करायचंय, जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
दादा, बरोबर जागी बोट ठेवलंत. बंद करते ती लाईनच. पुढचा एससीआर पेटला की दोन फेजमधला व्होल्टेज आधीच्यावर उलटा बसतो आणि त्याचा करंट शून्यावर आणतो. चंद्रपूर-पडघे 1500 मेगावॅटची एचव्हीडीसी (हाय व्होल्टेज डीसी) लाईन पण ह्याच तत्त्वावर चालते, पडघ्याला थायरिस्टरचाच इन्व्हर्टर आहे आणि त्याला समोर जिवंत एसी ग्रिड लागतेच. तुमच्याकडे डिप आली की उलटा व्होल्टेज कमी पडतो, आधीचा एससीआर चालूच राहतो, आणि थोड्या वेळात लाईनची दिशा फिरली की लाईन आणि मोटरचा बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते तो व्होल्टेज) दोघं एकाच दिशेने ढकलायला लागतात, अडवायला फक्त आर्मेचरचा रेझिस्टन्स. रनिंगमधे बॅक ईएमएफ लाईनच्या विरुद्ध असतो म्हणून तिथे नुसत्या ट्रिपवर निभावतं.

प्रतिसाद २
तुमच्या आकड्यातच मार्जिन नाहीये बघा. फायरिंग साधारण 150 डिग्रीच्या पुढे नेत नाहीत, कारण 50 हर्ट्झला उरलेले 30 डिग्री म्हणजे जेमतेम 1.7 मिलिसेकंद, त्यातच करंट एका एससीआरवरून दुसऱ्यावर जायचा आणि पहिल्याने सावरायचं. 415 ला 150 डिग्रीवर 485 व्होल्ट मिळतात, 440 च्या मोटरला ठीक. लाईन 360 झाली की 421 च, म्हणजे मोटर वरचढ, करंट हाताबाहेर. फोर क्वाड्रंटला आर्मेचर व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवतात ते ह्याचसाठी. आणि एक बघा, तुमचा अंडरव्होल्टेज ट्रिप ब्रेकिंगमधे पल्स झटकन बंद करतो का? करत असेल तर पुढचा एससीआर पेटतच नाही आणि परत तोच गोंधळ.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार, आता चित्र स्पष्ट झालं. ट्रिप झाल्यावर पल्स लगेच जातात, हे मॅन्युअलमधे आत्ताच बघितलं. आर्मेचर 400 ला लॉक करून वरचा स्पीड फील्ड वीकनिंगने (फील्डचा करंट कमी करून) घेतला तर चालेल का?

प्रतिसाद २
नेमप्लेटवर फील्ड वीकनिंगचा मॅक्स स्पीड दिला असेल तरच, आणि फील्ड लॉस ट्रिप आधी तपासा, फील्ड गेलं तर मोटर पळते. वरच्या स्पीडला टॉर्क कमी मिळेल, रोल थांबायला जास्त वेळ लागेल. खोल डिपला ह्यानेही फ्यूज जातील, म्हणून आर्मेचरच्या लाईनमधे डीसी रेटिंगचा फास्ट फ्यूज घाला, निदान एससीआर वाचतील. एसीचा फ्यूज तिथे लावू नका, डीसीचा आर्क त्याला तोडता येत नाही. पुढेमागे मशीन बदलायचं ठरलं तर एसी मोटर, आयजीबीटी ड्राईव्ह आणि ब्रेकिंग रेझिस्टर घ्या, आयजीबीटी गेटनेच बंद होतो, त्यासाठी लाईनवर अवलंबून राहावं लागत नाही.

धागाकर्ता
नेमप्लेटवर दोन स्पीड दिलेत, म्हणजे वाव आहे. रविवारी शटडाऊनला फील्ड लॉस ट्रिप टेस्ट करतो, रीडिंग इथेच टाकतो. डीसी फ्यूजचा व्होल्टेज किती धरायचा, लाईनचा पीक अधिक बॅक ईएमएफ असा हिशोब बरोबर आहे का तेवढं सांगा.