मॉडेल रेल्वेचे जुने एचओ (१:८७ मापाचे) डबे फारच खेळण्यातले वाटतात, काय काय करता येईल?

रूळवेडा: मंडळी, माझ्याकडे एचओचे जुने पॅसेंजर डबे आहेत. प्लास्टिकची चाकं, जाड काचा, आत सगळा शुकशुकाट. धावतात मस्त पण नव्या डब्यांशेजारी लावले की प्लास्टिक नुसतं चमकतं. टाकवत नाहीत, रंग फार आवडतो. आधी आत एलईडी टाकावेत असं डोक्यात आहे, बरोबर ना?

खडखडाट: एलईडी सगळ्यात शेवटी! जुन्या प्लास्टिकमधून उजेड आरपार येतो, लाइट लागला की खिडक्या राहतात बाजूला आणि अख्खी भिंत कंदिलासारखी उजळते. आधी चाकं बदल. मेटलची घे, पण जुन्या अॅक्सलची (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची) लांबी मोजून मगच, आखूड पडला तर डबा डुगडुगतो आणि लांब झाला तर चाक फिरतच नाही. प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर पसरवतात तो त्रासही कमी होईल. चाकाचा बाहेरून दिसणारा भाग मॅट तपकिरी रंगव, रुळाला टेकते ती कड तेवढी कोरी ठेव.

मग काचा काढ, बॉडी साबणाच्या पाण्याने धू, पूर्ण वाळू दे आणि मॅट वार्निशचा पातळ हात मार. निम्मं खेळणंपण तिथेच जातं. छत मळकट करडं, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि खालचा भाग तपकिरी, कारण खऱ्या गाडीत ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक झिजून त्याचीच धूळ तिथे बसते. पण जरा हात आखडता ठेव बाबा, लोक डबा असा माखतात की भंगारात निघालाय वाटतो.

सिग्नल_हिरवा: वरच्याला +१. काचांसाठी सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुकं धरतं, साधा पांढरा गोंद वापर. आणि डब्याची लांबी मोजलीस का? खरा २६.४ मीटरचा डबा १:८७ मध्ये साधारण ३०३ मिमी व्हायला हवा, पण लहान वळणांवर फिरावेत म्हणून जुने बरेच डबे लांबीत १:१०० ने आखूड केलेले असतात, म्हणजे २६४ मिमी.

रूळवेडा: आत्ता पट्टी लावली, २६४च निघाला 😅 मग एवढा खटाटोप करू की नको?

सिग्नल_हिरवा: कर की, फक्त नव्या डब्यांत मिसळू नकोस, यांचा वेगळा रेक (जोडलेल्या डब्यांचा संच) कर. सगळे सारखेच आखूड असले की डोळ्याला खुपत नाही. त्यापेक्षा दोन डब्यांमधली ती भलीमोठी फट जास्त खुपते, तिथे क्लोज कपलर (डबे जवळ जोडणारा आकडा) टाक, आधी तुझ्या सगळ्यात लहान वळणावर बफर (डब्याच्या टोकाचे धक्का झेलणारे दांडे) एकमेकांना अडत नाहीत ना बघ.

रूळवेडा: ओके, आणि लाइट?

खडखडाट: आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा. वॉर्म व्हाइट (पिवळसर) एलईडी पट्टी, ब्रिज रेक्टिफायर (वीज एकाच दिशेने देणारा भाग), आणि लुकलुकू नये म्हणून कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा), त्याला रेझिस्टर (विजेचा प्रवाह आवरणारा) लावायचा विसरू नको. पिकअपच्या पत्र्या (चाकातून रुळाची वीज घेणाऱ्या) चाकाला हलकेच टेकव, घट्ट बसल्या तर ब्रेक लावल्यासारखं होतं आणि इंजिन चढावर घसरतं. सीटा रंगवून थोडी माणसं बसव, सगळ्या सीटा भरायची गरज नाही.