‘ॲव्हरेज’ हा एकच निकष का? ड्यूक-आरएक्सवाल्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांना उत्तर

वरंध_वळण

काल ‘हिशेबी’ यांनी लिहिलं की तीन लाखांची केटीएम ड्यूक घेणारा आणि तीस वर्षांची यामाहा आरएक्स जपणारा, दोघेही मूर्ख. शहाण्याने स्प्लेंडर घ्यावी आणि उरलेल्या पैशांची एफडी करावी. उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा.

स्प्लेंडरला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. आमच्या गावात दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची पोरं, दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस, सगळं तिच्यावरून गेलंय. ज्याला ती लागते त्याने तीच घ्यावी. माझा आक्षेप ‘मूर्ख’ या शब्दाला आहे.

हा वाद जुनाच आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १००. सीसी जवळपास सारखेच. एकीने ॲव्हरेज दिलं, दुसरीने ११ हॉर्सपॉवर, तेही शंभर किलोच्या आसपासच्या गाडीत. दोन्हींना गिऱ्हाईक मिळालं, कारण माणसं दोन तऱ्हेची होती. त्याच्या दोन वर्षं आधी एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० काढली होती. दोन सिलिंडर, सहा गिअर, त्या काळी आपल्या रस्त्यावर तिच्या जवळपास जाणारं काही नव्हतं. ॲव्हरेज ऐकून लोक मागे फिरले आणि गाडी बंद पडली. आज तिला लाखांत भाव आहे, पण तो मुद्दा मी वापरणार नाही. ती भंगाराच्या भावात जात होती तेव्हा ज्यांनी दारात ठेवली, त्यांना ती चालवायला आवडत होती. एवढं कारण पुरेसं आहे, असं माझं म्हणणं.

भोरकडून वरंध घाट उतरून बघा. वळण यायच्या आधीच ब्रेक, मग चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. क्लच सोडताना थ्रॉटलला हलका हिसका दिला की मागचं चाक न अडखळता गिअर बसतो. नजर कठड्याकडे न्यायची नाही, वळणापलीकडे रस्ता जिथे उघडतो तिथे ठेवायची. गाडी तिकडेच झुकते. बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की ती हळूहळू उभी राहते. हे नीट जमलं की दिवसभर बरं वाटतं. यासाठी मी पेट्रोल जास्त जाळतो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुम्ही एफडी करा, मी तुम्हाला मूर्ख म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

हिशेबी

भाषा छान आहे. आता आकडे घ्या. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. स्प्लेंडर साठ देते, ड्यूक ३९० अठ्ठावीस. एकीला १६७ लिटर, दुसरीला ३५७. लिटरला १०४ रुपये धरले तरी वर्षाला वीस हजारांचा फरक. टायर, चेन-स्प्रॉकेट, विमा वेगळा.

आणि मी हवेत बोलत नाही. मी पतसंस्थेत कर्ज विभागात बसतो. पोराच्या गाडीसाठी आई पाटल्या घेऊन येते. पोरगा बाहेर उभा, आत यायला लाजतो, आई सही करते. चौथ्या-पाचव्या हप्त्याला फोन बंद. तुमच्या घाटातल्या वळणाचं मला काही सांगू नका, त्या बाईचं सांगा.

दोन_स्ट्रोक_कोल्हापूर

साहेब, पाटल्या गहाण टाकणं चूक, पण त्यात गाडीचा काय गुन्हा? लग्नासाठीपण लोक कर्ज काढतात, तिथं कोण एफडीचं सांगत नाही.

माझी आरएक्स वडिलांची. एका किकमध्ये सुरू होते, थंडीत चोक ओढून दोन. पेट्रोलमध्ये घालायच्या टू-टी ऑइलचा वास आला की आई आतून म्हणते, निघाला वाटतं. तिचं कर्ज नाही, हप्ता नाही. मूर्ख कशावरून ते सांगा.

हिशेबी

धुरावरून. टू-स्ट्रोकमध्ये निम्मं न जळलेलं पेट्रोल मागच्या माणसाच्या नाकात जातं. म्हणूनच बंद झाल्या त्या.

गॅरेजवाला_मिरज

निम्मं नाही हो, पण जातं हे खरं. धूर बाहेर जायचं पोर्ट (सिलिंडरचं छिद्र) उघडं असताना ताजं मिश्रण थोडं सरळ बाहेर पडतं, ती त्या इंजिनाची जातच आहे. आरएक्स १०० १९९६ला बंद झाली, पुढे नियम कडक होत गेले. दोन_स्ट्रोक, तुम्ही ऑइल जास्त घालत असाल तर कमी करा. पोरं वास यावा म्हणून जास्त घालतात आणि सायलेन्सर चोकअप झाला की माझ्याकडे येतात.

चिपळूणची_स्वार

सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. ‘व्यवहारी गाडी’ कोणती हे आमच्यासाठी कायम दुसरंच कोणीतरी ठरवतं. मी हिरोची एक्सपल्स २०० बाइक बघायला गेले तर शोरूममधला मुलगा मला स्कूटरच्या रांगेकडे न्यायला लागला. मग विचारलं, घरचं कोणी आलंय का. पैसे माझे, लायसन्स माझं.

माझी उंची पाच फूट एक इंच. त्या गाडीची सीट सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही पाय टेकतच नाहीत. सिग्नलला थांबताना कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. शिकायला वेळ लागला, दोनदा गाडी पडली, शेजाऱ्यांनी उचलायला मदत केली आणि सोबत सल्लाही दिला. आता वाड्यावस्त्यांच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात तीच चालते, तिथे स्कूटरचा तळ घासतो.

पण एक सांगते. ‘कामासाठी घेतली’ म्हटलं की सगळे मान डोलावतात. काम आहेच. तरी घेतली ती आवडली म्हणून. हे कारण पुरुषाने सांगितलं तर शौक, मी सांगितलं तर आगाऊपणा.

वरंध_वळण

ताई, मूळ पोस्टपेक्षा तुम्ही जास्त नेमकं लिहिलंत.

थंपर_नाशिक

ड्यूक काय, एक्सपल्स काय, सगळी शिलाई मशीनं. मजा म्हणजे बुलेट. पंजाब सायलेन्सर लावलाय, मोठ्या आवाजाचा, गल्लीत शिरलो की लोकांना कळतं कोण आलं. गाडीला आवाज नसेल तर मग कशाला घ्यायची?

रातपाळी

कळतं ना. मला फार चांगलं कळतं. मी नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी साडेआठला झोपते. घरात सासूबाई पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. त्यांना झोप लागायला तासभर जातो आणि तुमच्यासारखा एक जण खालून सायलेन्सरचे फटाके फोडत गेला की त्या दचकून रडायला लागतात. बोलता येत नाही त्यांना, फक्त हात घट्ट धरतात. लोकांच्या आवडीचा मान राखा म्हणून धागा काढलाय ना? मग माझ्या झोपेचा मान कोण राखणार?

थंपर_नाशिक

डीजे चालतो, लग्नाची वरात चालते, फक्त बुलेट दिसते सगळ्यांना. उद्या म्हणाल हॉर्नपण वाजवू नका.

रातपाळी

डीजेवरही बोलते. आत्ता तुमच्याशी बोलतेय. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२)मध्ये आवाजाचं प्रदूषण स्पष्ट लिहिलेलं आहे. हा शौक नाही, गुन्हा आहे.

थंपर_नाशिक

झालं, आम्ही गुन्हेगार. बुलेट कधी चालवली आहे का?

रातपाळी

वडिलांची होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. कॉलेजला असताना मी चालवायचे. तिचा आवाज आमच्या गल्लीत कोणाला खुपला नाही.

गॅरेजवाला_मिरज

ताई बरोबर आहेत, त्यामागचं कारण सांगतो. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५०चा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, फ्लायव्हील म्हणजे फिरतं चाक जड. तो जो सावकाश ठोका येतो तो इंजिनाचा आहे, कंपनीच्या सायलेन्सरमधूनही येतो. पंजाब काय नि इंदोरी काय, आतली जाळी आणि कप्पे नसल्यावर ठोका मोठा होत नाही, फुटतो. आणि फटाके म्हणजे चालू गाडीचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा, मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं. इंजिन चांगलं असल्याची ती खूण नव्हे.

बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या गाडीत तर नुकसानच. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या लाइनीतच असतात. तिथे हात घातला की ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, अंदाज चुकतो, कमी आरपीएमला गाडी आचके खाते. मग पोरं येतात, ‘दादा, पिकअप गेला.’ चौकाचौकात जप्त सायलेन्सरवर रोलर फिरतो, फोटो छापून येतात आणि विकणारी दुकानं दुसऱ्या दिवशी चालूच. माझा संताप त्यावर आहे.

दोन_स्ट्रोक_कोल्हापूर

थंपर भाऊ, मीपण आवाजाचा वेडा आहे, पण या बाबतीत ताईंच्या बाजूने. तुमच्या गाडीमुळे आम्हालापण नाक्यावर थांबवतात. माझा पाइप कंपनीचा, तरी तपासतात.

हिशेबी

बघा, शौकाचा शेवट इथेच होतो.

वरंध_वळण

नाही, ही सरमिसळ मला मान्य नाही. मला घाटात काय आवडतं याचा भार माझ्या खिशावर आणि माझ्या जिवावर आहे. थंपर यांच्या आवाजाचा भार रातपाळी यांच्या सासूबाईंवर पडतो. आवडीचा मान राखा म्हणतो तेव्हा मी पहिल्याची बाजू घेतो, दुसऱ्याची कधीच घेणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणाऱ्यांनाही माझ्या बाजूला धरू नका.

आणि जिवाचा विषय निघालाच आहे तर, १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९च्या एप्रिलपासून एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक, सक्तीचं आहे. ओल्या रस्त्यावर म्हैस आडवी आली की पुढचं चाक लॉक होत नाही, हे मी ताम्हिणीत अनुभवलंय. ज्याला तुम्ही चैन म्हणता त्यात हेही येतं. ही सोय १०० सीसीवाल्यालाही मिळायला हवी, तोही त्याच रस्त्याने जातो.

हिशेबी

एबीएसचं मान्य. ‘मूर्ख’ हा शब्द मागे घेतो, तोही चिपळूणच्या ताईंमुळे, तुमच्या घाटवर्णनामुळे नव्हे. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याला मी काही बोलणार नाही. पाटल्या गहाण टाकायला लावणाऱ्याला मात्र रोज बोलेन, आणि वीस हजारांचा फरक वीस हजारांचाच राहील.

वरंध_वळण

पाटल्यांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूला आहे. पहिल्यांदाच हे लिहिलं असतंत तर हा धागा काढलाच नसता.

चिपळूणची_स्वार

माझ्यामुळे शब्द मागे घेतलात, बरं केलंत. आता कर्ज मागायला एखादी मुलगी स्वतःच्या बाइकसाठी आली तर घरचं कोणी आलंय का, हे विचारू नका.

हिशेबी

जामीनदार विचारावाच लागतो, ताई. तो मी मुलालाही विचारतो.

थंपर_नाशिक

सगळे एका बाजूला झालेत तर मी काय बोलणार. गल्लीत शिरताना बंद करून ढकलत नेतो, चालेल?

रातपाळी

नाही चालणार. दुसऱ्याच्या गल्लीत ढकलत नेणार आहात का?

थंपर_नाशिक

बरं. जुना सायलेन्सर माळ्यावर पडलाय. बसेल का तो परत?

गॅरेजवाला_मिरज

बसेल. गंजला असेल तर आधी आतून ठोकून कचरा काढा, नाहीतर पहिल्या दिवशी काळं ओकेल. बेंड पाइपच्या तोंडाचं गॅस्केट नवीन घ्या, जुनं वापरलं तर तिथून फुसफुस येते आणि लोक पुन्हा म्हणतात की कंपनीचा सायलेन्सर खराब. क्लॅम्पचा बोल्ट इंजिन गरम झाल्यावर एकदा परत आवळा.