बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची आहे, परवानगी लागेल का?

ओसरी :
नमस्कार. आमचं घर स्वतंत्र, दुमजली, वडिलांनी १९८६ मध्ये बांधलेलं. गेल्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकरने चालते, आणि पुढे चाकाची खुर्ची लागेल असं डॉक्टर म्हणतात. तळमजल्यावर बैठकीच्या खोलीतच तिचा पलंग आहे. स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी चौकटीच्या आतून ६८ सेंमी. वॉकर तिरका करून आत यावं लागतं, दोनदा चौकटीला घासून तिची बोटं सोलवटली आहेत. मी ओट्याशी असले की तिला दिसत नाही, मग ती हाका मारत राहते. म्हणून मधली भिंत काढून एकच मोठी खोली करायचा विचार आहे.

भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच, प्लास्टरसकट २५ सेंमी जाड. वरच्या मजल्यावर भावाची खोली आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी. ठेकेदाराने भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "आडभिंत आहे ताई, वरचा भार घेत नाही, दोन दिवसांत काढून देतो. घरातल्या घरात काम, परवानगी कसली?" मंजूर नकाशा आहे, पण त्यात बीम दाखवलेले नाहीत. त्याचं खरं मानू का? आणि परवानगी लागते का?

चौथा मजला :
आम्ही फ्लॅटमध्ये अशीच भिंत काढली. चार इंची होती. एका दिवसात काम झालं, कोणी काही विचारलं नाही. फार विचार करू नका.

ओळंबा :
ताई, भिंतीला हात लावू देऊ नका. मी बत्तीस वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थाप मारून भिंत भार घेते का हे कळत नाही. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय एवढंच कळतं. २५ सेंमीमधून दोन्हीकडचं प्लास्टर वजा केलं की २३ उरतात, म्हणजे नऊ इंची वीटकाम. आर.सी.सी. फ्रेम (सळई घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमचा सांगाडा) नसलेल्या दुमजली घरात अशी मधली भिंत सहसा स्लॅब पेलायलाच असते. बारीक असेल तर भार घेत नाही, असंही धरून चालू नका.

एक गोष्ट आजच बघा. वर भावाच्या खोलीत याच भिंतीच्या डोक्यावर भिंत आहे का? जिना दोन्ही मजल्यांना सामाईक असतो. जिन्याच्या भिंतीपासून टेपने खाली मोजा, तसंच वर मोजा. आकडे जुळले तर वरची भिंत खालच्या भिंतीवर उभी आहे.

आता वजन. ४ बाय ३ मीटरची नऊ इंची भिंत सुमारे पाच टनांची असते. वर तेवढीच असेल तर ते पाच टन, दोन्ही बाजूंच्या खोल्यांचा स्लॅब (१२ सेंमी जाडीचा नुसता काँक्रीट धरला तरी चौरस मीटरला ३०० किलो), त्यावर फरशी, माणसं, सामान, आणि टाकी तिथेच असेल तर एक टन पाणी. हे सगळं तुमची भिंत आज मुकाट्याने पायापर्यंत पोचवते आहे. ती काढली की तेच वजन एका बीममधून दोन टोकांवर येणार. त्या टोकांखालच्या भिंतीला आणि पायाला ते झेपेल का, हा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. ठेकेदाराचा नाही, माझाही नाही.

चौथा मजला यांचं काम निभावलं कारण फ्रेमच्या इमारतीत भार कॉलम-बीमवर असतो. पण तिथेही खालच्या मजल्यावरच्या भिंती सरसकट काढू नयेत. भूकंपात त्या इमारतीला आडवा ताठपणा देतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात खाली पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या कितीतरी इमारती त्या मजल्यावरच बसल्या.

ज्या चुकीची मला अजून धास्ती वाटते ती सांगतो. एका कामावर भिंत काढायच्या आधी टेकू दिले, भक्कम लोखंडी टेकू. पण त्यांचे पाय ठेवले फरशीवर, आणि फरशीखाली सैल भराव. भिंतीचे वरचे तीन थर काढले आणि टेकूंचे पाय हळूहळू फरशीत रुतले. खाली कोणाच्या लक्षात आलं नाही. वरच्या खोलीतली बाई सांगत आली की दार लागत नाहीये. चौकट ८ मिलिमीटर तिरकी झाली होती. काम थांबवलं, वीट पुन्हा भरली, निभावलं. तेव्हापासून मी आधी टेकूचा पाय बघतो. फरशी उचलायची, भराव ठोकून घट्ट करायचा, जाड फळी आडवी टाकायची आणि तिच्यावर टेकू. भिंतीच्या दोन्ही अंगांना. वर वीटकाम असेल तर भिंतीत भोकं पाडून आडव्या तुळ्या घालायच्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना टेकू. तुळ्यांमधलं अंतर इंजिनिअर लिहून देईल तेवढंच.

आणि एक विचारतो, रागावू नका. तुम्हाला भिंत काढायची आहे की आई दिसायला हवी आहे? चाकाच्या खुर्चीला दार ९० सेंमी मोकळं पुरतं, वळायला १५० सेंमीचं वर्तुळ लागतं. दार रुंद करा आणि शेजारी ओट्यासमोर मोठा झरोका काढा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंमीवर असते, तेव्हा झरोक्याचा उंबरा ९० वर ठेवा. दोन्हींवर एकच लिंटेल (मोकळ्या जागेवरची वीट पेलणारा आडवा बीम), मध्ये आणि टोकांना भिंतीचे खांब शिल्लक. भार जुन्याच वाटेने खाली जाईल. हेही इंजिनिअरच्या नकाशावरूनच करायचं. दोन्ही पर्याय त्याच्यापुढे ठेवा.

कडीपाट :
परवानगीबद्दल मी लिहिते, कारण आमचं हात पोळून झालंय. रंग, प्लास्टर, फरशी, जुन्याच मापाचं दार यांना सहसा परवानगी लागत नाही. भार घेणारी भिंत, बीम, कॉलम, जिना, मजला वाढवणं, बाहेरची रेषा बदलणं यांना लागते. घराच्या आत आहे की बाहेर, यावर ते ठरत नाही.

माझ्या वडिलांनी मधली भिंत काढून बीम टाकला होता, चांगला टाकला होता. पण कागद काहीच नाही. पंधरा वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेच्या माणसाने मंजूर नकाशा समोर धरून खोल्या मोजल्या. व्यवहार अडकला. बीममध्ये काय सळई आहे हे दाखवायला दोन ठिकाणी प्लास्टर आणि काँक्रीट फोडावं लागलं. वडील तेव्हा नव्हते, त्यांनी काय घातलंय हे सांगणारं कोणी नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

म्हणून परवानगी देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारा. अर्जाला इंजिनिअरचा सही केलेला नकाशा जोडा आणि तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. "लागत नाही" असं उत्तर मिळालं तर तेही लेखी. खिडकीवरचा माणूस तोंडी जे सांगतो त्याचा पुढे उपयोग नाही. बीमची सळई बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी टेप लावून फोटो काढा आणि नकाशाबरोबर ठेवा.

ओसरी :
तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. जिन्यापासून मोजलं. खाली ३ मीटर ४२, वर ३ मीटर ४३. वर खरोखर भिंतच आहे. काल इंजिनिअर येऊन गेल्या. त्यांनी छताला सळई शोधायचं यंत्र लावलं, एका कोपऱ्यात हातभर प्लास्टर काढायला लावलं. बीम नाही. दोन्ही खोल्यांचा स्लॅब याच भिंतीवर टेकलाय. गच्चीवरची टाकीही जवळजवळ वरच आहे.

आईला दोन्ही पर्याय सांगितले. ती म्हणाली, "मला तू दिसलीस की झालं, भिंत राहू दे, यांनी पाणी मारून मारून बांधलीये." तेव्हा दार ९५ आणि झरोका, असा नकाशा त्या करत आहेत. अर्ज दिला की पोच घेईन. लिंटेल जागेवरच ओतणार आहेत. टेकू किती दिवस ठेवायचे? ठेकेदार चार दिवस म्हणतो.

ओळंबा :
चार दिवसांत अजिबात नाही. काँक्रीटची सात दिवसांत जेमतेम दोनतृतीयांश ताकद येते. साधं पोर्टलंड सिमेंट असेल तर बीमखालचे टेकू निदान चौदा दिवस, त्यातले पहिले दहा दिवस गोणपाट ओलं राहिलं पाहिजे. इंजिनिअरने जास्त सांगितले तर तेच पाळा. लिंटेल आणि वरची जुनी वीट यांच्यामध्ये बोटभर फट राहते. ती कोरडसर मसाला ठासून भरायला लावा आणि भरताना स्वतः उभ्या राहा. बाहेरून नुसतं प्लास्टर फिरवलं तर वरची भिंत पुढे तेवढी खाली बसते.

झरोक्याच्या जागी आधी वायर आणि पाण्याची नळी शोधून घ्या. विटा वरून खाली, छिन्नीने एकेक काढू दे, मोठा ब्रेकर नको. ते दिवस आईंना दुसऱ्या खोलीत हलवा, भावाची खोली रिकामी ठेवा, टाकीतलं पाणी उतरवा.

आणि आजच भावाच्या खोलीच्या दाराचे दोन्ही कर्ण मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. आकडे चौकटीवरच पेन्सिलने लिहा. काम चालू असेपर्यंत रोज सकाळी गवंडी यायच्या आधी पुन्हा मोजा. दोन मिलिमीटरचा जरी फरक दिसला तरी काम थांबवून इंजिनिअरना फोन करा.