विषय : वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील जखमी मांजरीची प्रकृती

ताई, सस्नेह नमस्कार.

वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या) दिवशी गच्चीवरून पडलेल्या मांजरीविषयीचे आपले पत्र वाचले. कंबरेचे हाड मोडलेले असताना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता तिला नुसते पिंजऱ्यात ठेवायला सांगावे, हे आम्हा उभयतांना पटले नाही. रोज थोडे चालवले, दूध पाजले आणि वेदनेसाठी पाव गोळी पॅरासिटामॉल दिली, तर ती लवकर सावरणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असल्यास खर्चातील वाटा मी उचलीन.

आपला, रावपुऱ्यातील काका

---

आदरणीय काका, सा. न.

सर्वांत आधी गोळीविषयी लिहिते, कारण आपले पत्र आपल्या पत्रयादीतील सर्वांनीच वाचले असेल. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, आणि एखाद्या गोळीनेही मांजर दगावू शकते. म्हणून माणसांच्या औषधांचा डबा तिच्यापासून दूरच असावा. दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, आणि हगवण लागलेल्या जखमी जनावराला स्वच्छ ठेवणे किती कठीण असते, हे मी वेगळे सांगायला नको.

आता हाडाविषयी. कंबरेचे हाड बांगडीसारखे गोल असल्यामुळे ते सहसा एकाच जागी मोडत नाही. खुब्याची वाटी फुटली असेल, शरीराचा भार पेलणारा भाग सरकला असेल किंवा आतली वाट अरुंद झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तोही पहिल्या काही दिवसांतच करावा लागतो. एक्स-रेमध्ये वाटी शाबूत दिसली आणि मणक्याला इजा नव्हती. भोवतालचे जाड स्नायूच तुकडे धरून ठेवतात. मात्र त्यासाठी चार ते सहा आठवडे उडी, धाव आणि जिना वर्ज्य. पिंजरा ही शिक्षा नसून तेच तिचे प्लास्टर आहे.

आपण सर्वजण ती चालली का, एवढेच विचारता. डॉक्टर मात्र लघवी झाली का, हे आधी विचारत, आणि मला त्यांचेच बरोबर वाटते. सुरुवातीला तिचे मूत्राशय आपोआप रिकामे होत नव्हते. दोन्ही हातांच्या बोटांनी पोटाच्या मागच्या भागावर हलका, सारखा दाब कसा द्यायचा, हे डॉक्टरांनी मला हात धरून शिकवले. पुढे एका सकाळी पिंजऱ्यातला वर्तमानपत्राचा कागद ओला आढळला, तेव्हा घरात पेढे वाटण्याइतका आनंद झाला. (वाळू जखमांना चिकटते, म्हणून कागद.) शौचास कुंथावे लागू नये म्हणून सध्या लॅक्ट्युलोजचे पातळ औषध चालू आहे.

खाण्याचा प्रश्न आमच्या घरी जरा नाजूक होता. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून नवेच संकट उभे राहते. शेवटी सासूबाईंनीच मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडून दिली. तेथे कोंबडीचे मांस बिनमिठाचे शिजवतो. कांदा-लसूण अजिबात नाही, कारण कांद्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

आता ती चार पायांवर उभी राहते आणि डावीकडे कलत पाण्याच्या वाटीपर्यंत जाते. हाड जुळल्यावर तिची नसबंदी करावी लागेल. कंबरेची वाट थोडीशी जरी अरुंद राहिली, तरी पिल्ले अडकून तिच्या जिवावर बेतेल. खर्चातील वाटा त्या वेळी अवश्य घेईन. त्यापुढे तिला तळमजल्यावरचे, खिडक्यांना जाळी असलेले घर हवे आहे. आणि पुन्हा असे कोणते जनावर आढळल्यास त्याला काखेत न धरता पाटावर अलगद सरकवून घ्यावे आणि १९६२ या क्रमांकावर करुणा ॲम्ब्युलन्स बोलवावी.

आपली, दांडिया बाजारातून

---

ताई, गोळीचा डबा कपाटात गेला. आमचे घर तळमजल्यावरच आहे. जाळी येत्या रविवारी बसवून घेतो. शेगडीबाबत मात्र सौ.ची संमती अद्याप मिळायची आहे, तेव्हा तयार कोरडे खाद्य तिला चालेल का, एवढे डॉक्टरांना विचारून कळवावे.

काका