उ: कोकणातल्या घरात जुना कोबा समतल करणे

जुन्या कोब्यावर (सिमेंटच्या जमिनीवर) ओतलेल्या लेव्हलिंग कंपाऊंडचे, म्हणजे जमीन सपाट करणाऱ्या पातळ सिमेंट मिश्रणाचे, पोपडे का निघतात, असा प्रश्न होता. प्रायमर (आधी मारायचा, पकड देणारा थर) नीट न मारल्यामुळे ते निघतात, हे वरच्या उत्तरात आलंय आणि ते बरोबरच आहे. पण "मे महिन्यात जमीन खडखडीत होती, म्हणजे ओल नाही" असं तिथे पुढे म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. आमच्याकडे रत्नागिरीत जांभ्याच्या जोत्यावरचा कोबा मेमध्ये कोरडाच दिसतो, खरी परीक्षा ऑगस्टात. त्यामुळे तपासणी पावसात करा आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा.

तपासायला साधारण दीड फूट चौरस जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने बंद करून किमान 16 तास ठेवा. खालच्या बाजूला पाणी धरलं किंवा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून येतेय. तिथे आधी इपॉक्सीचा ओलरोधक थर द्यावा लागतो, साधं प्रायमर पुरत नाही. उलट प्लास्टिकखाली कोरडं आणि भोवती ओलसर असेल तर पाणी हवेतलं आहे. यात खाडीच्या वाळूचा हात असू शकतो, कारण न धुतलेल्या वाळूतलं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याहून खाली क्वचितच येते. (गवंडी याला सरसकट "लोणा", म्हणजे क्षार फुटणं, म्हणून मोकळे होतात.) दोन्ही बाबतीत वरची भुसभुशीत सिमेंटची साय ग्राइंडरने काढाच. नुसतं ॲसिडने धुऊन भागत नाही, वर क्लोराइडची, म्हणजे मिठासारख्याच क्षारांची, भर पडते ती वेगळीच.