यूएसबी हब: साधा घ्यावा की स्वतंत्र अडॅप्टरचा?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला यूएसबी ३.० ची दोनच पोर्ट आहेत आणि त्यांवर कीबोर्ड, बिनतारी माऊस, प्रिंटर व दोन पोर्टेबल हार्ड डिस्क चालवायच्या आहेत. त्यासाठी साधा हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारे, लॅपटॉपवरच वीज घेणारे उपकरण) पुरेल का?

उत्तर १: पुरणार नाही. अशा पोर्टमधून प्रमाणानुसार ९०० मिलिअँपिअर वीज मिळते आणि साध्या हबवरील सर्व उपकरणे तीच वाटून घेतात. त्यामुळे दोन्ही डिस्क एकदम फिरू लागल्यास एखादीचा संपर्क मध्येच तुटून फाइल खराब होऊ शकते. भिंतीवरील सॉकेटमधून वीज घेणारा, अडॅप्टरचाच हब घ्यावा. प्रिंटरची चिंता नको, त्याला स्वतःची वीज असते.

उत्तर २: सहमत, मात्र अडॅप्टरने वेग वाढत नाही, यूएसबी ३.० ची सेकंदाला ५ गिगाबिटची मर्यादा हबवरील सर्व उपकरणांत मिळूनच राहते.

उत्तर ३: माऊसचा रिसीव्हर हबपासून थोडा दूर, दुसऱ्या पोर्टमध्ये लावावा, कारण यूएसबी ३.० च्या विद्युत गोंगाटाने माऊसचे २.४ गिगाहर्ट्झचे बिनतारी संदेश अडखळू शकतात.